छाट

मे महिन्यातल्या सोलापुरात दुपारी दोन वाजता कोणी डोक्याचं काम करायला बसू नये. मी बसले होते. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं होतं. त्याचा आवाज यंत्रमागाएवढा आणि वारा जेमतेम टेबलापर्यंत. समोर पुढच्या वर्षाचा कागद. वर ‘वार्षिक नियोजन, इयत्ता चौथी’ आणि खाली जून ते एप्रिल अशा अकरा चौकटी, सगळ्या कोऱ्या.

नियोजनाची मला भीती नाही. वार्षिक, मासिक, घटक आणि रोजचं टाचण, असं 19 वर्षांत मी इतकं काढलंय की नुसती रद्दी घातली असती तरी नवा कूलर आला असता. गणिताचं नियोजन झोपेतही करता येतं. भागाकार गुणाकाराच्या आधी येत नाही, अपूर्णांक दिवाळीच्या अलीकडे संपत नाहीत. पण हे होतं लिहिण्याचं नियोजन. म्हणजे मुलांनी मनाने लिहायचं, त्याचं. कागदोपत्री त्याला सर्जनशील लेखन म्हणतात. आमच्या वर्गात त्याचं नाव ‘मनाचं लिहायचं’. शनिवारी सकाळची शाळा असते, दप्तर नसतं, म्हणून तो तास शनिवारी.

आधी हिशेब केला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस आणि 800 तास. त्यातले शनिवार तिसाच्या आसपास. त्यातून सण, तपासणी, प्रशिक्षण, स्नेहसंमेलनाची तालीम आणि मतदार याद्यांचं काम वजा केलं की हातात उरतात बावीस, फार तर चोवीस. चोवीस तासांत एकेचाळीस मुलं. गेल्या वर्षीही हाच आकडा होता, आणि गेल्या वर्षी मी अकराच्या अकरा चौकटी मेमध्येच भरून टाकल्या होत्या. जून: माझी सुट्टी. जुलै: पावसाळ्यातील एक दिवस. ऑगस्ट: माझी आई. सप्टेंबर: माझे आवडते शिक्षक. (हो, हे मीच लिहिलं होतं.) नंतर दिवाळी, प्राणी, पक्षी, आत्मकथा, मी पंतप्रधान झालो तर. मोठ्या बाईंनी सही केली. नियोजन देखणं होतं. त्यात मुलं कुठेच नव्हती, ते मला ऑगस्टपर्यंत कळलं नाही.

खरं तर त्याआधीच कळायला हवं होतं. 15 जून 2023 ला शाळा उघडली, आणि त्याच दिवशी दुपारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीज प्रकल्पाची चिमणी पाडली. विमानतळाच्या आड येते, येत नाही, यावर गावात वर्षानुवर्षं वाद चालला होता. मोठ्यांनी काय काय म्हटलं ते सोडा. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले तर एकही पोर जागेवर नव्हतं. सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेलं. एक मुलगा बाकावर उभा राहून स्वतःच चिमणी झाला होता: आधी हलला नाही, मग गुडघ्यातून वाकला, मग आडवा. दुसरा ओरडला, ‘‘असं नव्हतं बे! ती आधी बसली, मग पडली!’’ चिमणी बसली की पडली, यावर दोन गट पडले. एवढी अचूक क्रियापदं मी वर्षभर शिकवून आली नसती. आणि मी काय केलं? छडीने टेबल वाजवलं, फळ्यावर लिहिलं, ‘माझी सुट्टी’. एकेचाळीस जणांनी लिहिलं, मी सुट्टीत मामाच्या गावाला गेलो, तिथे खूप मजा आली. त्यातल्या निम्म्यांचे मामा याच गल्लीत राहतात.

त्या चिमणीचं एक वाक्यसुद्धा माझ्याकडे कागदावर नाही. याची चुटपुट अजून जात नाही.

आमची शाळा पूर्व भागात आहे. सोलापूरच्या लोकांना तेवढं सांगितलं की पुरतं, बाहेरच्यांसाठी सांगते. चादरी आणि टॉवेलचे कारखाने, गल्लीबोळातले माग, आणि दारोदारी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, असा हा भाग. विणकर पद्मशाली समाज पिढ्यांपूर्वी तेलंगणातून इथे आला, घरात अजून तेलुगू बोलतो. शेजारची गल्ली कन्नड. पलीकडे उर्दू. माझ्या वर्गात मराठी ज्यांची घरची भाषा आहे अशी मुलं गेल्या वर्षी चौदा होती. तीही ‘पाऊस पडूलालाय’ म्हणणारी.

तर ऑगस्ट. माझी आई. पहिल्यांदा मी ठरल्याप्रमाणे विषय दिला आणि एकेचाळीस प्रेमळ आया गोळा केल्या. सगळ्या पहाटे उठतात, सगळ्या रुचकर जेवण करतात, सगळ्या मुलांवर चांगले संस्कार करतात. मार्गदर्शिकेतली आई एकच असते, ती फक्त दर वर्षी नव्या वह्यांत राहायला येते. मला एकदम कंटाळा आला. वह्या परत दिल्या आणि म्हटलं, आई राहू दे. आईचे हात लिहा. फक्त हात.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी वर्षभर फारशी बोलली नव्हती. तिने चार ओळी लिहिल्या:

‘आई चे हात पिवळे हाय. तंबाखू चा वास येतो. मला भरवताना आई चमचा नी भरवती. हात नी भरवत नाही.’

मी ते उभ्यानेच वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं. तंबाखूचा वास घासाला लागू नये म्हणून चमचा. हे तिने कुठे सांगितलंय? सांगितलेलंच नाही. चमचा ठेवला आणि बाजूला झाली.

आणि यानंतर मी जे केलं ते लिहायला अजूनही लाज वाटते. हातात लाल पेन होतं. सवयीने ते चालायला लागलं. ‘आई चे’ जोडून हवं, गोल. ‘हाय’ला गोल. ‘तंबाखू चा’ला ‘तंबाखूचा’, ‘चमचा नी’ला ‘चमच्याने’, ‘भरवती’ला ‘भरवते’, ‘हात नी’ला ‘हाताने’. शेवटी खाली ‘छान!’ लिहिलं आणि बरोबरची खूण केली. वही परत दिली.

तिने वही पाहिली, बोटाने गोल मोजले, आणि शेजारणीला म्हणाली, ‘‘सहा छाट.’’

मला आधी नीट ऐकू आलं नाही. विचारलं. ती गप्प. शेजारणीने सांगितलं, ‘‘बाई, ती म्हणलालीय सहा छाट निघाल्या.’’

ज्यांच्या घरात विडी आहे त्यांना छाट सांगावी लागत नाही. बाई रात्री पान ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापते, तंबाखू भरून वळते, तोंड दुमडते, दोऱ्याने बांधते. दिवसभराचं काम सकाळी कारखान्यात घेऊन जाते. तिथे तपासणारा विड्यांवरून हात फिरवतो आणि सैल, वाकडी, पान फाटलेली अशी एकेक बाजूला काढतो. ती छाट. तिचे पैसे नाहीत. पान आणि तंबाखू मात्र हिशेबात धरलेलाच. किती वळल्या यापेक्षा घरी आधी विचारतात ते, आज छाट किती.

तेव्हा त्या पोरीला काही लागलं नव्हतं, ती रडलीही नाही. तिने हिशेब केला फक्त. चार ओळींत सहा छाट, म्हणजे माल वाईट. पुढच्या शनिवारी तिने लिहिलं, ‘माझी आई खूप प्रेमळ आहे. ती पहाटे लवकर उठते.’ एकही चूक नव्हती.

त्या दिवसानंतर मी शनिवारच्या वहीत लाल पेन घेतलेलं नाही. पण हे जितकं सरळ वाटतं तितकं ते निघालं नाही, आणि या मेमधल्या कागदावर खरी डोकेफोड त्याचीच होती.

मोठ्या बाईंचं म्हणणं रास्त होतं. तपासणीला कोणी आलं आणि वह्या कोऱ्या दिसल्या तर? आलेच. पाहुण्यांनी शनिवारची वही उघडली, चार पानं उलटली आणि विचारलं, ‘‘बाई, तपासलं नाहीत वाटतं?’’ मी म्हटलं, वाचलंय. ते म्हणाले, वाचणं वेगळं. शेऱ्यात तसं लिहून गेले. मग मी तोडगा काढला. प्रत्येक पानाखाली पेन्सिलीने एक प्रश्न लिहायचा. ‘चमचा कोणता? स्टीलचा का?’ ‘मग कुत्र्याने काय केलं?’ प्रश्न हा तपासल्याचा पुरावाही होतो आणि पोराला कळतं की बाईंनी खरंच वाचलं. एका वहीला तीन मिनिटं धरली तरी एकेचाळीस वह्यांना दोन तास जातात. गोल काढायला यापेक्षा कमी वेळ लागायचा, हेही सांगितलं पाहिजे.

पण ज्या माणसाने मला खरं अडवलं ते साहेब नव्हते. सप्टेंबरमधल्या पालकसभेला एक वडील आले, रात्रपाळी करून, डोळे लाल, केसांत कापसाची तूस. मुलाची वही हातात. सगळे गेल्यावर थांबले.

‘‘बाई, एक बोलू का? चुका तशाच सोडलाव तुम्ही.’’

मी माझं भाषण सुरू केलं. मुलांना आधी मोकळं होऊ द्यावं, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘ते हाय. पण आमच्यात ताण्याचा धागा तुटला की माग थांबवायला लागतंय. गाठ मारायची, मगच चालू. नाही थांबवलं तर खालपर्यंत रेघ पडतीय. मग तो टॉवेल कोण घेतंय?’’

सोलापुरात कोणी काही लिहायला घेतलं की दुसऱ्या परिच्छेदात ताणाबाणा येतो. शब्दांचे धागे, आठवणींची वीण, सगळं. मी स्वतःशी पण केला होता की आपण ही उपमा कधी वापरायची नाही. आणि इथे उपमा देणाऱ्याच्याच केसांत तूस होती. तो उपमा देत नव्हता, काम सांगत होता.

रात्रभर ते डोक्यात राहिलं. विडीवाली म्हणते छाट नंतर काढा. मागवाला म्हणतो तुटलं की तिथेच थांबा. दोघांचंही खरं. मग शनिवारच्या वह्या काढून बसले, आणि पहिल्यांदाच चुका मोजायच्या ऐवजी वेगळ्या करायला लागले. एका मुलाने लिहिलं होतं, ‘मामानी कुत्र्याला मारलं आणि तो पळाला.’ कोण पळाला? मामा की कुत्रा? इथे ताणा तुटलाय. इथून पुढचं सगळं वाचताना ती रेघ दिसत राहणार. पण ‘हाय’, ‘भरवती’, ‘चमचा नी’ यांनी काही तुटत नाही. ती फार तर वाकडी वळलेली विडी आहे. ओढली तर चालते!

तेव्हापासून वर्गात लिहीत असताना मी एकाच ठिकाणी थांबवते. वाकून विचारते, ‘‘कोण पळालं?’’ पुढे पुढे ते वर्गाचंच झालं. कोणी मोठ्याने वाचायला उभं राहिलं आणि काही कळलं नाही की मागच्या बाकावरून हाक यायची, ‘‘कोण पळालं?’’ वाचणारा थांबायचा, कान खाजवायचा, नीट करायचा. परिपाठात एकदा पाहुण्यांचं भाषण लांबलं तेव्हाही मागून तीच हाक आली. ती मी ऐकली नाही असं दाखवलं.

म्हणून यंदाच्या कागदावर मी विषय लिहिलेच नाहीत. आधी ठरवलं की छाट कधी. जूनपासून दिवाळीपर्यंत फक्त ‘कोण पळालं’. दिवाळीनंतर छाट, आणि तीही त्यांनी काढायची.

जून-जुलै लिहायचं फार कमी, बोलायचं जास्त. पावसाचा निबंध नाही, पावसाचे शब्द. गेल्या वर्षी हे अपघाताने सापडलं. पाऊस आला, सगळे खिडकीशी गेले, आणि मी विचारलं, घरी याला काय म्हणता? फळ्यावर चार शब्द झाले: पाऊस, वान, मळे, बारिश. तेलुगूचा वान, कन्नडचा मळे. एका कन्नड पोराला एकदम काही सुचलं आणि तो स्वतःशीच हसायला लागला. लिहून आणलं, ‘मळ्यात मळे आला.’ मग त्याने ते समोरच्याला समजावून सांगितलं, मग त्याने त्याच्या समोरच्याला. दहा वर्षांच्या मुलाने केलेली, दोन भाषांच्या मधोमध उभी असलेली कोटी. मराठीच्या पेपरात ती चूक ठरली असती.

लिंगाचा घोळही तेव्हाच उलगडला. ‘माझा वही’, ‘ती पाऊस’ यांना मी इतकी वर्षं निष्काळजीपणा समजत होते. तेलुगूत आणि कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना बाई-पुरुष करत नाहीत. मराठीत मात्र पाऊस तो, वीज ती, आभाळ ते. एकाने विचारलंच, ‘‘बाई, खुर्ची बाई कशी काय?’’ मला उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही. पण त्यावर अख्खा शनिवार घालवता येतो: आपल्या वर्गातल्या वस्तू खरंच बाया आणि बाप्ये असत्या तर एकमेकांशी काय बोलल्या असत्या. फळा आणि खडू. दार आणि कडी. असं करता करता ‘तो, ती, ते’ जितकं पक्कं होतं तितकं तक्ता पाठ करून होत नाही, हा माझा अनुभव.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या बाई पाठ्यपुस्तकातल्या शब्दांनी सुरुवात करत नसत. रोज सकाळी प्रत्येक मुलाला विचारायच्या, तुला कोणता शब्द हवाय? तो कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून त्याच्याच हातात द्यायच्या. मुलं मागायची ते शब्द भुताचे, भांडणाचे, पाप्याचे. जे मागितलं ते एकदा पाहून लक्षात राहायचं. माझ्याकडे एकेचाळीस जणांना रोज विचारायला वेळ नाही. पण शनिवारी पाच-सहा जणांना विचारता येतं. यंदाच्या जूनच्या चौकटीत एवढंच आहे: जुन्या लग्नपत्रिकांची पाठकोरी कार्डं, आणि स्केचपेन.

ऑगस्टमध्ये यादी. यादीला कोणी घाबरत नाही. घरातले आवाज, शाळेच्या वाटेवरचे वास, अम्मा रागावली की म्हणते त्या गोष्टी. सप्टेंबरमध्ये चिठ्ठी, कोणाला तरी खरोखर पोचणारी. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना गेल्या वर्षी एकवीस चिठ्ठ्या मिळाल्या, त्यांनी त्या मिठाच्या डब्यात ठेवल्यात. बाकी तपशील सांगत बसत नाही.

ऑक्टोबरचा सांगते. कोजागरीला सोलापुरातून माणसं तुळजापूरला पायी जातात. पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर, बायका, म्हातारी, कडेवर लेकरं. आमच्या वर्गातली आठ-दहा मुलं दर वर्षी जातात. आणि आम्ही त्यांना ‘सहलीचे वर्णन’ म्हणून काय लिहायला लावतो, तर महाबळेश्वर! जे त्यांनी पाहिलं नाही आणि आम्हीही एकदाच पाहिलंय. गेल्या वर्षी मी फक्त विचारलं, पायांचं सांगा. एकाने लिहिलं, ‘रस्त्यात फुकट केळी होती. मी सात खाल्ली. मग पोट दुखलं. देवीची आठवण आली नाही, आईची आली.’ यात छाटण्यासारखं काय आहे? शेवटचं वाक्य मी घरी येऊन नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, प्रामाणिक आहे. आमच्या घरातली ही मोठी शाबासकी.

दिवाळीनंतर छाट सुरू होते, आणि हा भाग गेल्या वर्षी सपशेल फसला होता. ‘पुन्हा लिहून आणा’ म्हटलं की मुलं तेच, तसंच, सुवाच्य अक्षरात, समास आखून आणतात. त्यांच्या लेखी पुन्हा लिहिणं ही शिक्षाच. शुद्धलेखनाच्या चुका दहा-दहा वेळा लिहायला आम्हीच लावतो, मग त्यांनी आणखी काय समजावं? दोन शनिवार वाया गेले. तिसऱ्या शनिवारी मी कात्र्या आणल्या.

पाठकोऱ्या कागदावर एका ओळीत एक वाक्य लिहायचं. मग ओळी कापायच्या. पट्ट्या बाकावर मांडायच्या, वरखाली करायच्या, एखादी काढून बघायची. काढलेली पट्टी टाकायची नाही, बाजूच्या डबीत ठेवायची. हात चालू झाले आणि डोकं मोकळं झालं. मागच्या बाकावरचा एक दांडगोबा, जो पेन हातात घेतला की पेंगायचा, अर्धा तास सहा पट्ट्या फिरवत बसला आणि शेवटी शेवटची पट्टी पहिली ठेवून माझ्याकडे असा बघायला लागला जसा काही त्याने चोर पकडलाय.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीची कात्री सगळ्यात सरळ चालली. एकाही अक्षराचा काना कापला गेला नाही. मी म्हटलं, छान कापतेस. ती म्हणाली, ‘‘आईला पान कापून देते ना.’’ त्या वाक्याचं काय करायचं ते मला कळलं नाही. कौतुक करावं तर पंचाईत, न करावं तर पंचाईत. मी पुढच्या बाकाकडे गेले.

परत आले तेव्हा तिने आईवरची तिची दोन्ही लेखनं कापून एकत्र मांडली होती. ‘माझी आई खूप प्रेमळ आहे’ आणि ‘ती पहाटे लवकर उठते’ या पट्ट्या डबीत होत्या. बाकावर चार उरल्या होत्या. ‘हाय’चं ‘आहे’ झालं होतं. ‘भरवती’ तशीच होती. ‘‘हे का काढलंस?’’ मी डबीकडे बोट दाखवून विचारलं.

‘‘ते सगळ्यांच्या आईचं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘छाट.’’

जानेवारीत गड्डा. सिद्धेश्वरांची यात्रा म्हणजे सोलापूरच्या मुलांचं खरं नवं वर्ष. सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदानावरचे पाळणे, शोभेचं दारूकाम. कुंभाराच्या मुलीचं लग्न सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागतं ही गोष्ट वर्गात प्रत्येक जण वेगळी सांगतो आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. मला या गावाबद्दल एक गोष्ट फार आवडते. आमचं ग्रामदैवत लिहिणारं आहे. बाराव्या शतकात सिद्धरामांनी वचनं रचली, ती कन्नडमध्ये. त्यांच्या यात्रेला मराठी, तेलुगू, कन्नड सगळेच अक्षता टाकतात. त्या गावातल्या शाळेत एखाद्या पोराने मराठीच्या वहीत चार कन्नड शब्द घातले तर मी घाईने गोल काढणारी कोण?

गड्ड्यावर ‘खूप मजा आली’ सोडून काही हवं असेल तर वेळ लहान करावा लागतो. यात्रेतलं एकच मिनिट लिहा, असं सांगितलं. एका मुलाने कापाकापी करून शेवटी एवढंच ठेवलं: ‘पाळणा वर थांबला. तळं दिसलं. बाबा खाली एवढाच दिसत होता. त्याच्या हातात माझी चप्पल होती.’ मी पेन्सिल घेतली, प्रश्न लिहायला. काही सुचेना. तारीख टाकून सही केली.

फेब्रुवारीत या सगळ्याचं हस्तलिखित झालं, 27 तारखेला मराठी भाषा गौरव दिनाला लावलं. मार्चपासून कोणाचंच लक्ष नसतं, ऊन चढतं, परीक्षा येतात; त्या चौकटीत यंदा मी ‘उरलेलं’ एवढंच लिहिलंय. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत मात्र प्रत्येकाची वर्णनात्मक नोंद लागते. ‘स्वतःच्या शब्दांत अनुभव लिहितो’ हे वाक्य मी एकेचाळीस वेळा लिहिलं. माझ्या आयाही शेवटी सगळ्या प्रेमळच निघाल्या.

1 मेला निकाल. झेंडावंदन झालं, पालक रांगेने आले. त्या मुलीची आई आली, कारखान्यात विड्या देऊन परस्पर, हातात रिकामी पिशवी. मराठी तिला कळतं, बोलते कमी, वाचता येत नाही. निकालपत्रक घेतलं, सही म्हणून अंगठा नाही, नाव लिहिलं, तेलुगूत, सावकाश. मी शनिवारची वही पुढे केली आणि चार पट्ट्या चिकटवलेलं पान उघडून दिलं.

तिने पानावरून हात फिरवला. पट्ट्यांच्या कडांवर बोट थांबत थांबत गेलं. मग मागची पानं भराभर उलटली, ज्यासाठी वाचता यावं लागत नाही, नुसतं हाताला कळतं. बोटांची टोकं खरंच पिवळी होती. लेकीकडे वळून तेलुगूत काहीतरी विचारलं. त्यात मला एकच शब्द कळला, छाट.

मुलीने उत्तर दिलं. बरंच लांब होतं. आईने पुन्हा वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोघी हसायला लागल्या. आई तर पदर तोंडाला लावून.

‘‘काय म्हणाली ग?’’ मी विचारलं.

‘‘काही नाही, बाई,’’ मुलगी म्हणाली, आणि वही पिशवीत टाकली.